नवव्या पानावरची गोल खूण

१

माझी एकुलती एक मुलगी ओनुइ. तिचं लग्न ठरलं ते वर्ष मेइजी बादशहाच्या राजवटीचं पंचविसावं. मुलाकडून साके दारूचं पिंप आणि सुकवलेला मासा आला तो आठव्या महिन्यात. लग्न दहाव्यात व्हायचं होतं. आणि नवव्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला माझ्या होणाऱ्या जावयाला त्याच्या गुरूनं चारचौघांत चोर म्हटलं.

मी तेव्हा ओसाकात मिनोगामेया नावाच्या पुस्तकांच्या दुकानात पानं शिवायला होते. छापलेला कागद मधोमध दुमडायचा, पानं सारखी करायची, दाभणानं भोकं पाडायची आणि रेशमाच्या दोऱ्यानं टाचायचं. दिवसाला तीस पुस्तकं. त्यांतलं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं. वाचायला शिकले ते पुढे, बावन्नाव्या वर्षी.

त्या वर्षी आमच्या मालकांनी, ह्योएमोन यांनी, एक नवं धाडस केलं होतं. बाहुल्यांच्या नाटकाची पुस्तकं तोवर आमच्या गल्लीत नुसत्या शब्दांची निघत. मालकांनी ठरवलं, की होडीवाल्याच्या झोपडीचा प्रवेश टिपांसकट छापायचा. कठीण शब्दाला अर्थ, जुन्या रीतीला खुलासा, आणि शब्दांच्या बाजूला गाण्याच्या शेंदरी खुणा. टिपा लिहायला तान्साइ मास्तरांना बसवलं. पहिली बांधलेली प्रत शिगुरेदायू गुरुजींकडे मानानं पाठवली. ती मीच शिवली होती.

शिगुरेदायू म्हणजे त्या काळचा थोर गायक. बाहुल्या स्वतः बोलत नाहीत. बाजूच्या ओट्यावर बसलेला एकच माणूस सरदाराचं, म्हातारीचं, तान्ह्या पोराचं सगळं बोलतो आणि रडतो. शेजारी शामिसेन, तीन तारांचं वाद्य, वाजते. सगळं पाठ असलं तरी समोर पुस्तक लागतंच, पान उलटावंच लागतं. त्या पुस्तकातले शब्द सगळ्यांचे असतात. शेंदरी खुणा मात्र ज्याच्या त्याच्या. आवाज कुठे चढवायचा, कुठे तोडायचा, हे त्या खुणा सांगतात. गुरू त्या आयुष्याच्या शेवटी देतो, आणि एकालाच देतो.

त्या दिवशी नाटकघराच्या मागच्या खोलीत यासोकिची नावाच्या वादकानं ते नवं पुस्तक पुढ्यात घेतलं आणि गंमत म्हणून शामिसेनवर त्यातल्या खुणा वाजवल्या. पाच-सहा ओळी झाल्या असतील. कोपऱ्यात बसलेल्या शिगुरेदायूंच्या हातातला चहा मांडीवर सांडला.

"थांब," ते म्हणाले. "हे माझं आहे."

त्यांचं पुस्तक घरी किरीच्या लाकडाच्या पेटीत असे. पेटीला दोरा, दोऱ्यावर कागदी मोहोर. ती काढून पुस्तक तिवईवर मांडायचा मान एकाच शिष्याला होता. तो शिष्य म्हणजे इसाकु, माझा होणारा जावई.

गुरुजींनी सगळ्यांदेखत सांगितलं, की एक तारखेला, नव्या खेळाच्या पहिल्या दिवशी, इसाकुला घराण्यातून काढल्याचं पत्र वाचलं जाईल आणि त्याच्या नकला सगळ्या नाटकघरांना जातील. असं पत्र गेलं, की त्या माणसाला ओसाकात काय, खेड्यातल्या जत्रेतही कुणी ओट्यावर बसू देत नाही.

हातात तीन दिवस होते.

२

इसाकु कालव्याच्या काठावर बसला होता. वीस वर्षांचा पोरगा, पण म्हाताऱ्यासारखा वाकून. शिष्य करून घेताना गुरूनं दिलेला पंखा त्यानं परत केला होता.

"काकी, तुम्ही लग्न मोडलंत तरी मी काही म्हणणार नाही," तो म्हणाला.

"मोडायचं की नाही ते मी ठरवीन. तू आधी सांग, केलंस का?"

"नाही."

"मग कुणी केलं?"

तो पाण्याकडे बघत राहिला.

"म्हणजे तुला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही. आणि काकी, हे विचारू नका."

"अरे गाढवा, तिकडे माझी पोरगी कालपासून जेवली नाही. आणि तू मोठेपणा मिरवतोस?"

"मी पंधराव्या वर्षी त्या घरात आलो. ताप आला तेव्हा ओल्या फडक्यानं माझं अंग कुणी पुसलं, मला ठाऊक आहे. एवढंच सांगतो. यापुढे तुम्ही मला मारलंत तरी बोलणार नाही."

मी मारलं नाही. पण मनात आलं होतं.

३

मालक दुकानात नव्या प्रतींचा ढीग मोजत होते. मी विचारलं, "मालक, त्या शेंदरी खुणा कुठून आल्या?"

"तान्साइ मास्तरांनी कागद आणून दिले. पातळ कागदावर गिरवलेले, शब्द काळ्यात, खुणा शेंदरात. हात असा स्थिर की मी थक्क झालो."

"ते कागद मला दाखवा. हात ओळखता येईल."

मालक हसले. "ओमिने, इतकी वर्षं इथे काढलीस आणि असं विचारतेस? कागद लाकडाच्या फळीवर उलटा चिकटला, आणि कोरणाऱ्यानं त्याच्यासकट लाकूड कोरलं. तो कागद आता भुसा झाला."

खरंच होतं. आमच्या धंद्यात छापलं जातं तेव्हा मूळ प्रत उरतच नाही. चोराचा हात आम्हीच आमच्या हातानं पुसून टाकला होता.

तिथून मी मास्तरांकडे गेले. तान्साइ मास्तर सत्तरीचे, वाळक्या मुळ्यासारखे. त्यांच्या घरात बसायला जागा नव्हती, सगळीकडे पुस्तकं.

"शिवणारी बाई मला प्रश्न विचारायला आली!" ते म्हणाले. "उद्या कोळीण येईल आणि व्याकरण विचारील."

"मास्तर, एका पोराचं आयुष्य जातंय."

"मी चोरी केली नाही. उन्हाळ्यात एक गाठोडं माझ्या दाराशी आलं. भाजीवाल्याच्या हाती. नाव नाही, गाव नाही. फक्त निरोप होता."

"काय निरोप?"

मास्तरांनी दोनदा खाकरून घसा साफ केला. "जळण्यापेक्षा छापलेलं बरं."

शिगुरेदायूंनी आपलं पुस्तक आपल्या चितेवर ठेवायला सांगितलं होतं, हे मला ओनुइकडून कळलं होतं. ओनुइला ते इसाकुनं सांगितलं होतं. घराबाहेर आम्हा दोघींशिवाय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे गाठोडं त्या घरातूनच निघालं होतं, आणि घरातली माणसं होती तीन. गुरुजी, त्यांची बायको ओरिकुवहिनी आणि इसाकु.

माझ्या शोधानं दोरी माझ्याच जावयाच्या गळ्याभोवती आवळली होती.

४

दुसऱ्या दिवशी मी यासोकिचीला गाठलं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तोच शिगुरेदायूंना साथ करायचा. मग दोघांचं भांडण झालं आणि यासोकिची दुसऱ्या गायकाकडे गेला. सूड घ्यायचा तर त्याला कारण होतं. तो शामिसेनचं कातडं निरखत बसला होता आणि शेजारी भाजलेल्या रताळ्याची सालं पडली होती.

"या, ओमिनेबाई! मलाच पकडायला आलात ना? सगळं गाव मलाच पकडतंय. काल न्हाव्यानंही विचारलं."

"तीस वर्षं तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात. खुणा तुम्हाला पाठ असणार."

"कानानं पाठ आहेत. लिहून काढायच्या तर काढल्याही असत्या. पण मी काढल्या असत्या तर नीट काढल्या असत्या." त्यानं ते पुस्तक ओढून घेतलं आणि नववं पान उघडलं. "हे काय आहे, सांगा. हे गोल."

शब्दांच्या दोन ओळींच्या मध्ये एक छोटं शेंदरी वर्तुळ होतं.

"मला काय विचारता? मला वाचता येत नाही."

"मलाही हे वाचता येत नाही! तीस वर्षांत या धंद्यात गोल खूण मी पाहिली नाही. रेघ असते, अर्धी रेघ असते, आकडे असतात. आणि मास्तरांनी त्यावर अकरा ओळींची टीप ठोकली आहे. ऐका." तो नाकात बोलायला लागला. "'ही या घराण्याची अतिगुप्त खूण. येथे गायकाने श्वास नाभीत कोंडावा.' नाभीत! आमच्या गुरुजींनी इथे श्वास कोंडला असता तर दुसऱ्या ओळीला आडवे झाले असते."

"मग ही खूण आली कुठून?"

"तुम्ही सांगा. तुम्हीच तर शिवलंत."

मी दुकानात परत आले. चाळीस प्रती शिवायच्या राहिल्या होत्या. हातात काम असलं की माझं डोकं चालतं, म्हणून मी एका प्रतीची पानं घेतली, दुमडली, ठोकून सारखी केली आणि भोकं पाडण्याआधी सवयीनं खिडकीच्या उजेडाकडे धरली.

कागद पातळ होता. ऊन आरपार येत होतं. आणि त्या उजेडात मला एकच शेंदरी ठिपका दिसला.

नववं, दहावं, अकरावं, चौदाव्यापर्यंत सहा पानं एकावर एक होती. प्रत्येकावर ते वर्तुळ होतं, आणि सगळी वर्तुळं एकाच जागी बसली होती. पानाच्या पुढच्या अंगाला आणि मागच्या अंगालाही, घडीपासून तेवढ्याच अंतरावर. नवव्यावर तांदळाच्या दाण्याएवढं, पुढे लहान होत होत चौदाव्यावर तिळाएवढं. जणू कुणी सहाच्या सहा पानांतून एक सुई घातली होती.

शब्द बदलत होते, ओळी बदलत होत्या. खूण मात्र जागची हलत नव्हती.

वाचणारे पान वाचतात. एक वाचून झालं की पुढचं. मला वाचता येत नव्हतं, म्हणून मी सगळी पानं एकदम बघितली. जुन्या पुस्तकांची शिवण उसवून मी वर्षानुवर्षं नवी घातली होती. अशी आरपार गेलेली वाट मी शंभरदा पाहिली होती. कागद पोखरणाऱ्या अळीची ती वाट. अळीनं खाल्लेल्या भोकाची कड तांबूस होते. गिरवणाऱ्यानं ती तांबूस कड पाहिली आणि शेंदरात बुडवलेल्या कुंचल्यानं इमानदारीनं उतरवली.

मास्तरांनी अकरा ओळींची टीप लिहिली होती ती अळीच्या भोकावर.

मला हसू आलं. आणि लगेच मी हसायची थांबले. कारण ज्याला गायनाच्या खुणा कळतात तो भोकाला खूण समजणार नाही. यासोकिची समजणार नाही. इसाकु तर नाहीच. गिरवणाऱ्याला ना अक्षर येत होतं ना गाणं. त्याच्याकडे फक्त एक स्थिर हात होता.

ओरिकुवहिनींचे वडील किमोनोच्या कापडावर नक्षी काढणारे होते. लहानपणी फुलांची रेघ त्याच गिरवायच्या, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. आणि त्यांना माझ्यासारखंच अक्षर येत नव्हतं.

५

मी सगळं मालकांना सांगितलं, वहिनींचं नाव सोडून. मालक आधी मास्तरांच्या टिपेवर पोट धरून हसले, मग गंभीर झाले.

"पण ओमिने, एवढ्यानं तुझा जावई सुटत नाही. त्यानं स्वतः गिरवलं नसेल. पेटी त्यानं उघडली, पुस्तक एखाद्या नक्षीवाल्याला दिलं, त्यानं गिरवलं. झालं."

त्यांचं बरोबर होतं. इसाकुला सोडवायचं तर दुसरं नाव घ्यायला हवं होतं. ज्या बाईनं त्याला तापात जपलं तिचं. तेवढ्यासाठी तो पोरगा कालव्यावर तोंड मिटून बसला होता. सत्तावन्न वर्षांची बाई, मूलबाळ नाही, माहेर उरलं नाही. नवऱ्यानं हाकललं तर ती जाणार कुठे?

आणि माझी ओनुइ?

तीस तारखेला, भर दुपारी, मी शिगुरेदायूंच्या दारात उभी राहिले. साक्षीला यासोकिचीला घेतलं. यायला तो तयार नव्हता. म्हटलं, "घाबरलात?" मग आला.

ओरिकुवहिनींनी दार उघडलं. माझ्या काखेतलं पुस्तक बघून त्या भिंतीला टेकल्या.

"ओमिने, तू कशाला आलीस गं?"

"इसाकुसाठी आले, वहिनी. दुसऱ्या कशासाठीही नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय जाणते ते त्यांना कळलं असावं. त्या बाजूला झाल्या.

गुरुजी अंगणाकडे तोंड करून बसले होते. मी चटईवर डोकं टेकलं आणि छापलेलं नववं पान त्यांच्यासमोर ठेवलं.

"गुरुजी, ही गोल खूण तुमची आहे का? तेवढं बघून सांगा."

त्यांनी मान खाली केली नाही. अंगणाकडेच बघत राहिले. हात पुढे आला, चटई चाचपली, पानापासून चार बोटं बाजूला पडला.

"उजेड कमी आहे," वहिनी घाईनं म्हणाल्या. "ढग आलेत."

अंगणात ऊन रणरणत होतं.

यासोकिचीचं तोंड उघडं राहिलं. तीस वर्षं तो या माणसाच्या शेजारी बसला होता. गेले दोन हंगाम शिगुरेदायू ओट्यावर बसत होते, पुस्तक कपाळाला लावत होते, अचूक जागी पान उलटत होते, आणि समोरची टाळ्या वाजवणारी माणसं त्यांना दिसत नव्हती. ओसाकातल्या एकाही माणसाला ते कळलं नव्हतं.

त्या खोलीत तेव्हा कुणी एक शब्द जरी बोललं असतं, तरी म्हाताऱ्याची सगळी अब्रू तिथेच गेली असती.

६

मी म्हटलं, "गुरुजी, कागदाचं खरंखोटं डोळ्याला कळत नाही. बोटाला कळतं. मी तर बोटांवरच जगते. तुमचं पुस्तक आणवा. मी सांगते तिथे बोट ठेवा."

त्यांनी हात मागे घेतला.

"ओरिकु, पेटी आण."

वहिनींनी पेटी आणली. त्यांच्या हातातला दोरा सुटेना. शेवटी मीच सोडवला. यासोकिचीनं पुस्तक उघडून नववं पान काढलं, नाकाशी नेलं, उलटसुलट केलं, दहावं बघितलं, अकरावं बघितलं.

"ओमिनेबाई," तो हळूच म्हणाला, "भोक नाही."

"नीट बघा."

"बघितलं. एकाही पानाला भोक नाही. कागद सगळा शाबूत आहे."

वहिनींच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना. तीन दिवसांत मी जे उभं केलं होतं ते सगळं त्या एका वाक्यानं कोसळलं. मी पुस्तक जवळ ओढलं. डोळे मिटले. घडीपासून अंतर मला पाठ होतं, कारण कालपासून प्रत्येक प्रत मी तेवढ्यावर डोळा ठेवून शिवली होती. तिथे बोट ठेवलं.

कागद तिथे जाड होता. नखाएवढी जागा, बाकीपेक्षा किंचित ताठ.

"गुरुजी, तुमचं बोट द्या."

मी त्यांचं बोट तिथे नेलं. त्यांनी ते फिरवलं. मग स्वतःच पान उलटलं, दहाव्यावर तीच जागा शोधली, अकराव्यावर शोधली. त्यांचं बोट माझ्यापेक्षा हुशार होतं.

"ठिगळ," ते म्हणाले. "इथे अळी लागली होती. आतून कागद लावून भोकं बुजवली आहेत. मीच सांगितलं होतं बुजवायला."

"कधी, गुरुजी?"

"कॉलऱ्याच्या साली. मेइजीच्या एकोणिसाव्या. उन्हाळ्यात मी अंथरुणाला खिळलो होतो. आता जातो असं वाटून म्हटलं होतं, की पुस्तक माझ्याबरोबर जाळा. गेलो नाही. शरद लागला तेव्हा उठून बसलो, पुस्तक हातात घेतलं, तर भोकं. फार चिडलो होतो. त्याच आठवड्यात बुजवून घेतली."

ते साल मला कुणी सांगायला नको होतं. त्याच उन्हाळ्यात माझा नवरा गेला.

"म्हणजे ज्यानं हे गिरवलं," मी म्हटलं, "त्यानं उघडी भोकं पाहिली. ठिगळं लागायच्या आधी. एकोणिसाव्या सालच्या शरदाच्या आधी. गुरुजी, इसाकु तुमच्या घरी कधी आला?"

"विसाव्या सालच्या वसंतात." त्यांचा आवाज खाली गेला. "गाडीतून उतरला तेव्हा पायांत एकच चप्पल होती."

"मग त्यानं पेटीही उघडली नाही आणि दुसऱ्याला देऊन गिरवूनही घेतलं नाही. तेव्हा तो या गावातच नव्हता."

एवढं बोलून मी थांबले. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. यापुढची वाट कुणी चालू नये असं मला मनापासून वाटत होतं. पण यासोकिचीची जीभ कधी डोक्याची वाट बघत नसे.

"पण त्या साली घरात तर दुसरं कुणी..." तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचंच ऐकू आलं. त्यानं ओठ आवळले. उशीर झाला होता.

वहिनी दोन्ही हात चटईवर टेकून वाकल्या होत्या. गुरुजींचं बोट अजून अकराव्या पानावर होतं. त्यांनी ते ठिगळ पुन्हा चाचपलं, अगदी सावकाश, कड शोधत. ते ठिगळ कुणी लावलं होतं हे त्यांना ठाऊकच होतं. आता त्यांना हेही समजत होतं, की त्या उन्हाळ्यात ते मरणाच्या दारात पडलेले असताना, पुस्तकं उन्हात वाळत घालायच्या दिवसांत, त्यांच्या उशाशी बसून कुणी एक एक पान गिरवत होतं. एका अक्षराचा अर्थ न कळता. ते गेले तरी त्यांचं गाणं जाऊ नये म्हणून. आणि आता त्यांचे डोळे गेले, पुस्तक जाळायचा हट्ट मात्र गेला नाही, तेव्हा तिनं ती गिरवलेली पानं घराबाहेर काढली.

"हो," शिगुरेदायू म्हणाले. "त्या साली घरात मी होतो."

यासोकिची म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तर अंथरुणात..."

"मी होतो म्हणतोय ना! मीच गिरवलं. तापात माणूस काय वाटेल ते करतो. मग विसरलो. म्हातारा झालो, यासोकिची, विसरतो मी. उद्या सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे. तुला काही वेगळं आठवतंय का?"

यासोकिचीनं चटईवर कपाळ टेकलं. "नाही, गुरुजी. मला काही आठवत नाही."

"ओमिनेबाई, तुम्हाला?"

"मला तर वाचताही येत नाही, गुरुजी."

ते हसले. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

"इसाकुला बोलवा. आणि ओरिकु, किती वेळ वाकून बसणार आहेस? पाहुण्यांना चहा नाही का?"

७

एक तारखेला नाटकघराच्या मागच्या खोलीत सगळे जमले. गायक, वादक, बाहुल्या चालवणारे, मिळून चाळीसेक माणसं. पत्र ऐकायला आली होती. शिगुरेदायू म्हणाले, की घराण्याच्या खुणा मी स्वतःच बाहेर दिल्या, शिष्यावर खोटा आळ घेतला, दोन्हींचा दंड म्हणून आजपासून ओटा सोडतो. एक वृद्ध गायक उठून तोंडावर म्हणाला, "घराणं विकलंस तू." शिगुरेदायूंनी त्याला वाकून नमस्कार केला. त्या संध्याकाळी त्यांच्या जागी इसाकु बसला. आवाज थोडा कापला, पण पडला नाही.

मालकांनी पुढच्या प्रतींसाठी फळीवरची वर्तुळं तासून काढली. टीप काढायला मास्तर तयार होईनात. अखेर यासोकिची त्यांच्या घरी गेला आणि नाभीत श्वास कोंडून गाऊन दाखवतो म्हणाला. दुसऱ्या ओळीला तो मास्तरांच्या पुस्तकांवर आडवा झाला. मग टीप गेली.

वहिनी आणि मी त्या दिवसाबद्दल पुढे कधीच बोललो नाही. लग्नात त्यांनी ओनुइला स्वतः काढलेल्या नक्षीचा कमरपट्टा दिला. डोळ्यांचं सगळ्यांना कळलं ते ओटा सोडल्यावर, आणि लोक म्हणाले, बिचारा, म्हणूनच सोडला असेल. तेही कुणी खोडलं नाही.

शिगुरेदायू मेइजीच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या अकरा तारखेला, सकाळी घरीच वारले. वय एकाहत्तर. ओरिकुवहिनी त्यांच्यामागे नऊ वर्षं इसाकु आणि ओनुइच्या घरी राहिल्या आणि मेइजीच्या सदतिसाव्या वर्षी, सातव्या महिन्यात वारल्या.